मरुभूमीत घर आणि बाग: नोखा की फलोदी?

प्रश्न: मी येत्या एप्रिलमध्ये रेल्वेच्या सेवेतून निवृत्त होत आहे. नोकरीतील चार वर्षे बीकानेरला गेली आणि तेथील कोरडी हवा आम्हा दोघांनाही इतकी मानवली की, उरलेले आयुष्य त्याच बाजूच्या एखाद्या लहान गावात फळबाग करून घालवावे असे वाटते. पत्नीचे माहेर सोलापूर जिल्ह्यातील असून तिला डाळिंबाची चांगली माहिती आहे. नोखा आणि फलोदी येथे प्रत्येकी सुमारे दोन हेक्टर जमीन पाहिली आहे. नोख्याच्या जमिनीत कूपनलिकेला भरपूर पाणी असल्याचे मध्यस्थ सांगतो. कोणते गाव निवडावे आणि डाळिंब व खजूर लावावेत का? मुलगी पुण्यात असते, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी तिकडे जाणे होईल.
— एक वाचक, पुणे

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मध्यस्थाच्या तोंडून आली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्या भागात पाणी किती आहे याच्याइतकाच ते गोड आहे की खारे, हा प्रश्न मोठा असतो. पश्चिम राजस्थानातील भूजल पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त आहे आणि उपशामुळे पातळीही खोल जात आहे. त्यामुळे कूपनलिका तासभर चालवून घेतलेला पाण्याचा नमुना, आणि मातीचे एक फूट व तीन फूट खोलीवरचे नमुने प्रयोगशाळेतून तपासून आल्याशिवाय विसार देऊ नये. कालव्याची जमीन असेल तर वेगळी चौकशी करावी लागते. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पंजाबातील हरिके येथून येते, आणि दुरुस्तीसाठी तो उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे बंद ठेवतात. या ‘नहरबंदी’च्या काळात शेतकरी आपापल्या ‘डिग्गी’त, म्हणजे शेततळ्यात, साठवलेल्या पाण्यावर दिवस काढतात. शिवाय कालव्याखालच्या काही पट्ट्यांत खाली जिप्समचा कठीण थर असल्याने पाणी मुरत नाही आणि जमीन दलदलीची होते. स्थानिक लोक याला ‘सेम’ म्हणतात. अशी जमीन स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

फळांची निवडही याच हिशेबाने करावी. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत ज्या झाडाला पाण्याची निकड असते, ते झाड साठीनंतरच्या माणसाला तिथे बांधून ठेवते. म्हणूनच माझी पहिली शिफारस बोराची आहे. मार्चअखेर तोडणी संपली की त्याचे पाणी तोडायचे, झाड पाने गाळून विश्रांती घेते, मे महिन्यात छाटणी करायची आणि पहिल्या पावसावर नवी फूट येते. ऐन वैशाखात आपण पुण्यात असलात तरी त्याचे काही बिघडत नाही. रानबोरीची रोपे जागेवरच वाढवून त्यांवर जुलैमध्ये डोळे भरावेत, म्हणजे चांगल्या जातीचे कलम करावे, म्हणजे सोटमूळ न दुखावता खोल जाते. लवकर येणारी ‘गोला’, मधली ‘सेब’ आणि उशिराची ‘उमराण’ अशा तीन जाती ठेवल्यास जानेवारीपासून मार्चपर्यंत फळ मिळते. सहा मीटर अंतरावर अर्ध्या हेक्टरात सुमारे १४० झाडे बसतात आणि दोन माणसांना गड्याच्या मदतीने ती झेपतात. फळमाशीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. फळे वाटाण्याएवढी असतानाच बंदोबस्त करावा आणि गळलेली बोरे रोज वेचून नष्ट करावीत.

डाळिंबाविषयी ताईंना निराश करण्याचा हेतू नाही. बाडमेर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी महाराष्ट्रातून ‘भगवा’ जातीची रोपे नेऊन मोठ्या बागा उभ्या केल्या आहेत, हे त्यांना ऐकून आनंदच होईल. पण सोलापूरला नसलेला एक शत्रू बीकानेरकडे आहे, तो म्हणजे कडाक्याच्या थंडीत गोठणारे दव. एका जानेवारीत मी तिकडे पहाटे बागेत उभा होतो. ठिबकच्या नळीच्या तोंडाशी बर्फाचा मणी लटकलेला होता, आणि दोन दिवसांनी त्याच ओळीतील कोवळे शेंडे चहाच्या चोथ्यासारखे काळे पडले. शेजारच्या बोरीची काही फळे खराब झाली, झाडे मात्र सावरली. त्यात ठिबकच्या पाण्यात चार दिवसांचा जरी खंड पडला, तरी नंतरच्या पाण्याने डाळिंबे तडकतात. म्हणून पहिली तीन वर्षे पंचवीस-तीस झाडांवर अनुभव घ्यावा आणि मगच क्षेत्र वाढवावे.

खजुराला खारे पाणी बरेच सोसते, उन्हाचीही भीती नाही; तथापि बियांपासूनची रोपे कधीही लावू नयेत. माझ्याकडून ही चूक झाली आहे: बारा रोपे सहा वर्षे जपली आणि फुलोरा आल्यावर सात नर, म्हणजे फळ न देणारी, निघाली. ‘बरही’ जातीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे घ्यावीत, सोबत एखाद-दुसरा नर ठेवावा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परागीकरण हाताने करावे. फळ पूर्ण पिकेपर्यंत पावसाळा गाठतो, त्यामुळे ते पिवळे, करकरीत असतानाच काढून विकावे लागते. बरही त्या अवस्थेतही गोड लागते, म्हणून तिची निवड. दोघांच्या बागेला दहा झाडे पुरे.

गावांपैकी मी नोख्याला कौल देईन, अर्थात पाणी गोड निघाले तर. बीकानेर साठेक किलोमीटरवर आहे, तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जोधपूरची गाडी नोख्याला थांबते, आणि बीकानेरजवळच्या बीछवालचे केंद्रीय शुष्क बागवानी संस्थान रोपांसाठी व सल्ल्यासाठी हाताशी आहे. फलोदीहून जोधपूरचे मोठे रुग्णालय सुमारे १४० किलोमीटर दूर पडते, आणि १९ मे २०१६ रोजी तेथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. उतारवयात हे अंतर आणि ही उष्णता, दोन्ही विचारात घ्यावीच लागतात.

नोख्याजवळचे मुकाम हे बिश्नोई समाजाचे मोठे तीर्थस्थान आहे. जमिनीवर खेजडीची, म्हणजे शमीची, झाडे असतील तर ती ओझे समजू नका. १७३० साली खेजडली गावात या झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, आणि आजही त्या भागात खेजडी तोडणाऱ्याला शेजार मिळत नाही. तिच्या सावलीत इतर पिके चांगली येतात व सांगरीही, म्हणजे तिच्या खाण्याजोग्या शेंगाही, मिळतात. हरणे आणि नीलगाई शेतात येणारच, त्यासाठी कडेने करवंदाचे दाट कुंपण घालावे.

शेतजमीन घेण्यासाठी महाराष्ट्राप्रमाणे शेतकरी असण्याची अट राजस्थानात नाही. मात्र अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदाराची जमीन इतरांना घेता येत नाही, आणि ‘गैरखातेदारी’, म्हणजे धारकाला पूर्ण हक्क न मिळालेल्या, जमिनीचे खरेदीखत करू नये. आपल्या सातबाऱ्याच्या जागी तेथे ‘जमाबंदी’ असते, ती तहसीलमधून स्वतः काढून वकिलाला दाखवावी. बिघ्याचे माप जिल्ह्यागणिक बदलते, म्हणून व्यवहार हेक्टरमध्येच लिहून घ्यावा.

खरेदीपूर्वी येता मे आणि जून नोख्यात भाड्याच्या घरात राहून पाहा. बीकानेरला आपण रेल्वेच्या वसाहतीत राहिलात, तेथे नळ आणि वीज होती. शेतावरच्या घरात आंधीनंतर, म्हणजे धुळीच्या वादळानंतर, वीज जाते तेव्हाची दुपार वेगळी असते. घर बांधाल तेव्हा छताचे पाणी ‘टांक्या’त, म्हणजे झाकणबंद भूमिगत हौदात घ्यावे. १०० चौरस मीटर छतावर २५० मिलिमीटर पाऊस पडला तर वीसेक हजार लिटर पाणी हाती लागते, आणि दोघांच्या पिण्याला व स्वयंपाकाला ते वर्षभर पुरते. पाण्याचा व मातीचा अहवाल आला की या सदराकडे पाठवा, झाडांचे नेमके प्रमाण त्यावरून कळवतो.