खोल पाण्यातल्या व्यायामासाठी बेल्ट घ्यावा, नूडल की फोमचे डंबेल?

गुडघे दुखतात म्हणून पाय तळाला टेकणार नाहीत अशा पाण्यात व्यायाम सुरू करायचाय, थोडंफार पोहता येतं, मग तरंगण्यासाठी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. कमरेला बांधायचा फोमचा बेल्ट घ्या. मीही गुडघ्यांमुळेच या व्यायामाकडे वळले. गळ्यापर्यंत पाण्यात असताना शरीराचा साधारण 90 टक्के भार पाणीच उचलतं आणि खोल पाण्यात पाऊल कुठेही आपटत नाही. गुडघ्यांना त्याचाच आराम पडतो.

बेल्टमुळे हात मोकळे राहतात आणि शरीर उभं राहतं. नूडल म्हणजे फोमची लांब, लवचीक नळी; ते काखेत धरलं की खांदे कानापर्यंत चढतात, थोड्या वेळाने हातांना मुंग्या येतात. फोमचे डंबेल हे मुळात तरंगण्याचं साधन नाहीच. जमिनीवर वजन वर उचलताना जोर लागतो, पाण्यात हे डंबेल खाली दाबताना लागतो; दंडांच्या व्यायामासाठी ते छान. पण त्यांच्याच आधारावर राहिलात तर सगळं अंग खांद्यांना लटकतं आणि हात सुटला की आधारही सुटतो.

बेल्ट निवडताना बहुतेक जण सगळ्यात जाड बघून घेतात. तिथेच चूक होते. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, स्नायू आणि हाडं जड. त्यामुळे सडपातळ, काटक माणसाला जास्त फोम लागतो आणि अंगाने भरलेल्या माणसाला बऱ्याचदा कमी पुरतो. नुसत्या वजनावर जाऊ नका, शक्य असेल तर पाण्यात उतरून बघा. काठाजवळ हातपाय न हलवता सरळ उभं राहायचं. पाणी खांद्यांपर्यंत आणि हनुवटी मोकळी, म्हणजे बेल्ट बरोबर. ओठांना पाणी लागत असेल तर फोम कमी पडतोय. छाती बाहेर येत असेल तर तो जास्त झालाय. मग बुचासारखं वरखाली होत राहता आणि पोट-पाठीच्या स्नायूंना काही कामच उरत नाही.

फोम कुठे आहे तेही बघा. सगळा पाठीकडे असेल तर अंग पुढे झुकतं. पाण्यात धावण्याची सवय असलेल्यांना ते चालतं, पण सुरुवातीला फोम कमरेभोवती सारखा पसरलेला बरा.

पट्टा काठावर घट्ट वाटला तरी पाण्यात उतरल्यावर पुन्हा आवळायचा. पहिल्या दिवशी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. बेल्ट सरकत सरकत काखेत आला, त्याची कड बरगड्यांना घासत होती आणि सगळा वेळ तो खाली ओढण्यात गेला. अंगात ताकदच नाही असं वाटून घरी आले होते. दुसऱ्या दिवशी पट्टा दोन बोटं जेमतेम जातील इतका आवळला आणि फरक लगेच कळला. आवळूनही बेल्ट जागेवर राहत नसेल किंवा कमरेवर दाब सहन होत नसेल, तर जॅकेटसारखं अंगात घालायचं साधन बघा.

घोट्याला बांधायचे फोम सध्या नकोतच. पाय वर येतात, डोकं खाली जातं आणि पुन्हा उभं होणं सवय नसलेल्याला फार अवघड जातं. हवा भरायच्या ट्यूबही नकोत.

एक गोष्ट मनापासून सांगते: हा बेल्ट म्हणजे लाइफ जॅकेट नाही. भोवळ आली तर तो तुमचं तोंड पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. जीवरक्षक हजर असल्याशिवाय खोल बाजूला जाऊ नका. आणि व्यायामाच्या आधी आडवं झाल्यावर उभं कसं व्हायचं ते शिका: गुडघे छातीशी घ्यायचे, हातांनी पाणी ढकलायचं, मग पाय खाली सोडायचे. उताणं आणि पालथं, दोन्हीकडून जमेपर्यंत काठ हाताशी ठेवा.

वापरल्यावर बेल्ट साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा, क्लोरीन आणि ऊन दोन्ही फोम खातात. अधूनमधून अंगठ्याने दाबून बघा. खळगा भरून येत नसेल तर तो बेल्ट बदला.