स्टेपर घ्या, पण मेडिक्लेम बंद करून नको

पत्र नाशिकच्या इंदिरानगरहून आलंय. लिहिणाऱ्यांचं वय ४१, अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ५४ हजार, घराचा हप्ता १९ हजार, दोन मुलं शाळेत. कंपनीच्या चेकअपमध्ये शुगर निघाली, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ७.१. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज अर्धा तास व्यायाम सांगितला. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा कुठे फिरायला जाणार, म्हणून घरात ठेवायला छोटा स्टेपर, म्हणजे जागेवरच पायऱ्या चढल्यासारखे पाय मारायचं मशीन, घ्यायचाय. एक साडेसात हजारांचा साधा, दुसरा तेरा हजारांचा, हँडलवाला, पाय टाकला की कंबरही वळते तो. प्रश्न एवढाच की कोणता घेऊ आणि क्रेडिट कार्डवर बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेतला तर चालेल का.

प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देतो. साडेसातवाला घ्या, रोख घ्या. नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही, व्याज डिस्काउंट म्हणून वळतं करतात पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते, तेरा हजारांवर चार-साडेचारशे जातात. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय.

आता पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीवर येतो, कारण ती वाचून मी पत्र बाजूला ठेवून आधी तुमची रिन्यूअलची तारीख शोधली. तुम्ही लिहिलंय, "पैशांची सोय झाली आहे, मेडिक्लेमचे २४ हजार यावर्षी भरणार नाही, चार वर्षांत एकदाही क्लेम केला नाही, पैसे वायाच गेले, कंपनीचा दोन लाखांचा आहेच, आणि बँकेतल्या मॅडमनी नवीन पॉलिसी दिली आहे त्यात पैसे परतही मिळतात आणि आजारपणही कव्हर आहे." रिन्यूअल याच महिन्याच्या १८ तारखेला.

भाऊ, ही पॉलिसी तुम्ही आयुष्यात घेतलेल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींपैकी एक आहे आणि तिची खरी किंमत शुगरचा रिपोर्ट आला त्या दिवशी वाढली. पॉलिसी घेतली तेव्हा तुम्हाला शुगर नव्हती, म्हणजे या विमा कंपनीच्या लेखी तो जुना आजार नाही, उद्या शुगरमुळे ॲडमिट व्हावं लागलं तर वेटिंग पीरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, लागत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा असल्या आजारांचं वेटिंगही चार वर्षांत संपलं. आणि अजून एक वर्ष भरलंत की ६० महिने पूर्ण होतात, त्यानंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'तुम्ही अमुक माहिती लपवली' असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे सगळं चार वर्षांत २४-२४ हजार भरून कमावलंय, वाया काही गेलेलं नाही.

आता सोडून द्या आणि दोन वर्षांनी परत घ्यायला जा, मग काय होतं बघा. फॉर्मवर पहिल्याच पानावर डायबेटिस आहे का हा प्रश्न. हो लिहिलं तर शुगर आणि तिच्यामुळे होणारं दुखणं तीन वर्षांपर्यंत बाहेर, प्रीमियम जास्त, किंवा सरळ नकार. नाही लिहिलं तर क्लेमच्या वेळी अडकणार. माझ्याकडे सातपूरचे एक गृहस्थ यायचे, त्यांनी असंच एक वर्ष 'यंदा राहू दे' केलं, मध्ये शुगर आणि बीपी दोन्ही निघालं, मग तीन कंपन्यांकडे अर्ज केला. तिन्ही पत्रं त्यांनी माझ्या टेबलावर ओळीने ठेवली होती, दोन नकाराची आणि एक होकाराचं, पण होकारवाल्यात प्रीमियम जवळपास दीडपट. ते काही बोलले नाहीत, नुसतं त्या तिसऱ्या पत्रावरच्या आकड्यावर बोट ठेवून बसले. मला ते बोट अजून आठवतं म्हणून तुम्हाला इतकं पोटतिडकीने लिहितोय.

तुमच्यासाठी मात्र उलटं आहे. आहे तेवढ्याच रकमेचं रिन्यूअल करताना कंपनी नव्याने तपासणी लावत नाही. ग्रेस पीरियड, म्हणजे तारीख उलटल्यावर पैसे भरायची सवलत, ३० दिवसांचा असतो खरा, पण वार्षिक प्रीमियममध्ये १८ तारखेनंतर पैसे भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत कव्हर नसतं, म्हणून ग्रेसच्या भरवशावर राहू नका. अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या आणि कुटुंबाच्या मेडिक्लेमवर जीएसटी शून्य झालाय, आधी १८ टक्के होता. २४ हजार हा आकडा जुन्या पावतीवरचा असेल तर आताची नोटीस नीट बघा, वयाचा टप्पा बदलून दर वाढला नसेल तर रक्कम कमी असायला हवी.

कंपनीच्या दोन लाखांचं म्हणाल तर ते नोकरी आहे तोपर्यंत, आणि ते दोन लाख चौघांत मिळून आहेत. एक अँजिओप्लास्टी झाली की तेवढे संपतात. नोकरी गेली किंवा तुम्ही बदलली तर त्याच दिवशी कव्हर जातं, आणि एमआयडीसीत मंदी आली की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

आता बँकेतल्या मॅडमची पॉलिसी. फोटो पाठवलेत ते बरं केलंत. वर्षाला ४० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ८ लाख. तुम्हाला सांगितलं गेलं 'डबल'. चार लाखांचे आठ होतात हे खरं, पण किती वर्षांत? पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा, सरासरी साडेपंधरा. पैसे दुप्पट व्हायला लागणारा व्याजदर काढायची सोपी रीत म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचारच्या आसपास टक्के आले. बस एवढंच. हेच ४० हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला तर विसाव्या वर्षी साडेअकरा लाखांच्या पुढे जातात. साडेतीन लाखांचा फरक आहे, मुलीच्या डिप्लोमाची फी निघेल त्यात.

'आजारपण कव्हर' म्हणतात ते क्रिटिकल इलनेस रायडर आहे, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं गंभीर आजाराचं जादा कव्हर. यादीतला आजार, तोही यादीत लिहिलेल्या तीव्रतेचा झाला तरच ठरलेली रक्कम मिळते. डेंग्यू होऊन पाच दिवस ॲडमिट राहिलात तर यातून एक रुपया येणार नाही. मेडिक्लेमची जागा हा रायडर घेऊच शकत नाही आणि ज्यांनी तसं भासवलं त्यांचा मला राग येतो, कारण तुम्ही शुगरचा रिपोर्ट त्यांना दाखवला होतात असं पत्रात आहे. माहीत असून मेडिक्लेम सोडायला लावणं म्हणजे माणसाला उघड्यावर बसवणं आहे. टॅक्स वाचेल हेही सांगितलं म्हणे. तुमचं वर्षाचं उत्पन्न सात-आठ लाखांच्या आत, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, मग वाचणार काय? आणि लाइफ कव्हर किती, तर चार लाख. तुमच्या घराचे पावणेदोन वर्षांचे हप्ते.

सुदैवाने कागद मागच्याच आठवड्यात आलेत. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, म्हणजे तेवढ्यात पॉलिसी रद्द करून पैसे परत मागता येतात, ईमेलवर आले असतील तर ईमेलच्या तारखेपासून मोजा. अर्ज मॅडमकडे देऊ नका, त्या 'वरून विचारून सांगते' म्हणत दिवस काढतील. थेट विमा कंपनीच्या ब्रँचला लेखी द्या, पोच घ्या, तेच ईमेलही करा, सोबत कॅन्सल चेक. कापून काय घेतील तर स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि जितके दिवस कव्हर होतं त्याचे थोडे पैसे. बाकी सगळे परत येतात. टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, तिथेही नाही झालं तर नाशिकसाठी पुण्याचे विमा लोकपाल आहेत, फी लागत नाही.

पैशांचं असं करा. बँकेत ५५ हजार आहेत म्हणालात, त्यातून आधी मेडिक्लेम, १८ ची वाट न बघता. मग फ्री लूकचे चाळीसच्या आसपास आले की साडेसात हजार स्टेपरला, उरलेले तसेच अडीअडचणीला बाजूला. त्या पॉलिसीला महिन्याला ३,३०० पडत होते, त्यातल्या २ हजारांची आरडी सुरू करा, पुढच्या वर्षी मेडिक्लेमच्या वेळी २४ हजार तयार असतील. आणि टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे आपल्यामागे घरच्यांना रक्कम देणाऱ्या साध्या विम्याचा, अर्ज करा, किमान ५० लाखांचा, शुगर लिहूनच. प्रीमियम जरा जास्त सांगतील, तरी घ्या, घरात कमावणारे तुम्ही एकटेच आहात.

स्टेपर घेण्याला माझा विरोध नाही. रात्री बाराला घरी येणाऱ्याला गोविंदनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जा म्हणणं सोपं आहे, आणि पावसाळ्यात तर सकाळचंही जमत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, तेही जमेल. पण मशीन घेताना बघायचं काय ते ऐका. या छोट्या स्टेपरला दोन हायड्रॉलिक सिलेंडर असतात, गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखे, तुम्हाला डॅम्पर म्हणजे काय हे मी सांगायला नको. पंधरा-वीस मिनिटांत आतलं तेल तापतं, पातळ होतं, आणि पेडल सैल पडून भसकन खाली जायला लागतं, सिलेंडरला हात लावला तर चटका बसतो. हे साडेसातवाल्यातही होतं आणि तेरावाल्यातही, म्हणून जास्तीचे साडेपाच हजार कशाला. ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात जाऊन सलग दहा मिनिटं चालवून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा वीस किलो तरी जास्त हवी. सिलेंडर वेगळा विकत मिळतो का आणि वॉरंटीत धरलाय का हे बिलावर लिहून घ्या, कारण आधी तोच गळतो. डिस्प्लेवरच्या कॅलरीकडे बघू नका, त्या मशीनला तुमचं वजनच माहीत नसतं, फक्त मिनिटं मोजा.

कंबर वळणारा प्रकार तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, गुडघ्याचा त्रास आहे असं तुम्हीच लिहिलंय. सुरुवातीला जेवणानंतर थोड्या वेळाने दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, म्हणजे सिलेंडरही तापणार नाही. खाली जाड मॅट टाका, रात्री खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडणार नाही. आणि शुगर आहे तर अनवाणी नाही, बूट घालूनच.

या आठवड्यात सेकंड शिफ्ट असेल तर सकाळ मोकळी आहे, आधी मेडिक्लेम भरा आणि तिथूनच फ्री लूकचा अर्ज घेऊन विमा कंपनीच्या ब्रँचला जा.