ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन विमानाने किती अंतर आणि किती वेळ?

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोपासून स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनपर्यंत हवाई अंतर साधारण 955 किमी, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं कमी. थेट विमान असेल तर दीड ते पावणेदोन तास धरा.

हे अंतर घरीही काढता येतं. ट्रोम्सो 69.7 अक्षांशावर, लाँगइयरब्येन 78.2 वर, आणि मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेला. फरक साडेआठ अंशांचा. एक अंश म्हणजे सुमारे 111 किमी, गुणाकार करून बघा. दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे वेळेचा घोळ नाही.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती तिकीट काढण्याआधी घ्या. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, परतताना पुन्हा आत येता. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवाच. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद.

थेट विमान रोज असेलच असं नाही, काही दिवशी ऑस्लोमार्गे जावं लागतं. मग अख्खा दिवस राखून ठेवा. हिवाळ्यात तर पुढच्या विमानाआधी एक रात्र मोकळी ठेवाच.