वाचकांचे प्रश्न : शार्लटने चूक केली का?

प्रश्न : जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. एलिझाबेथने कॉलिन्ससारख्या पोकळ माणसाची मागणी धुडकावली याचा आनंद झाला. पण तिची हुशार मैत्रीण शार्लट तीन दिवसांच्या आत त्याच माणसाला होकार देते, हे काही केल्या पचनी पडले नाही. लेखिकेने शार्लटला कमी लेखले आहे, की आपणच तिच्यावर अन्याय करतो?

उत्तर : अन्याय आपण वाचकच करतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो कसा होतो हे कळण्यासाठी या कादंबरीतले पैशांचे आकडे मन लावून वाचावे लागतात. एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2000 पौंड आहे, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी आहे. परंतु त्यांची लाँगबोर्नची इस्टेट केवळ पुरुष वारसाकडेच जावी अशी कायदेशीर तजवीज आधीच झालेली असल्यामुळे, पाच मुलींच्या या बापाने डोळे मिटताच राहते घरसुद्धा नात्यातल्या कॉलिन्सच्या हाती जाणार आहे. एलिझाबेथच्या स्वतःच्या वाट्याला येणार ते आईच्या पश्चात 1000 पौंड, चार टक्के व्याजाचे; म्हणजे वर्षाला अवघे 40 पौंड. हा हिशेब तिला ऐकवतो तो मागणी घालायला आलेला कॉलिन्सच, आणि लग्नानंतर त्यावरून आपण कधी टोचून बोलणार नाही, असे आश्वासनही मोठ्या मनाने देतो. तेव्हा तिचा नकार हा नुसता बाणेदारपणा नाही. विशीतल्या या मुलीने स्वतःबरोबर आईच्या आणि चार बहिणींच्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले आहे.

शार्लटजवळ पणाला लावण्यासारखेही काही नाही. ती सत्तावीस वर्षांची आहे, रूपाने साधारण आहे, आणि वडिलांना ‘सर’ हा किताब असला तरी मुलीला देण्याजोगा पैसा त्यांच्यापाशी नाही. शिकलेल्या पण निर्धन मुलीला त्या काळच्या इंग्लंडमध्ये प्रतिष्ठा राखून करता येईल असे काम म्हणजे दुसऱ्याच्या घरी राहून त्यांची मुले शिकवणे, एवढेच जवळजवळ उरत असे. शार्लटचे लग्न ठरल्यावर तिच्या घरी काय घडते, ते पुन्हा एकदा वाचा. धाकट्या बहिणींना समाजात मिरवण्याची पाळी वर्षा-दोन वर्षांनी अलीकडे येईल याचा हर्ष होतो. बहीण जन्मभर अविवाहित राहील ही भावांची धास्ती मिटते. आणि आई तर एलिझाबेथचे वडील आणखी किती वर्षे जगतील, याचे गणित मांडू लागते. या मुलीला आपण घराला जड झालो आहोत हे किती वर्षे जाणवत आले असेल, ते लेखिकेने या मोजक्या वाक्यांत सांगून टाकले आहे.

माझ्या दृष्टीने याहून मोलाचा तपशील पुढे येतो. एलिझाबेथ केंट परगण्यातल्या हन्सफर्डला मैत्रिणीकडे राहायला जाते, तेव्हा शार्लटने रोज बसण्यासाठी घराच्या मागच्या बाजूची खोली का निवडली, याचे तिला आधी नवल वाटते, कारण जेवणाची खोली त्याहून प्रशस्त आहे आणि तिथून दिसणारे दृश्यही अधिक प्रसन्न आहे. मग तिच्या ध्यानात येते की कॉलिन्सची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. बायकोची खोली तितकीच आकर्षक असती, तर तो आपल्या खोलीत इतका वेळ थांबलाच नसता. नवऱ्याने बागेत राबावे म्हणूनही शार्लट त्याला उत्तेजन देते, बागकाम प्रकृतीला चांगले असते असे गंभीर चेहऱ्याने सांगते. पत्नीची मालमत्ता पतीची समजली जाई, आणि घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक संमत करून घ्यावे लागे, अशा काळात या बाईने भिंती आणि खिडक्या पाहून स्वतःपुरता एकांत मिळवला आहे. मला ती पराभूत वाटत नाही. तिला जे हवे होते ते तिने डोळे उघडे ठेवून घेतले, आणि त्याची किंमत ती रोज, तक्रार न करता, मोजते आहे.

प्रश्न : एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया विकम या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेली, तर तिच्या निर्दोष बहिणींचे नाव का खराब व्हावे?

उत्तर : सोळा वर्षांची लिडिया इंग्लंडमध्ये वडिलांच्या संमतीवाचून परवाना काढून लग्न करू शकत नव्हती; 1753 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील मुलामुलींसाठी तसा निर्बंध घातला होता. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून अशी जोडपी तिथल्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनला जात. हे दोघे तिकडे गेलेच नाहीत, लंडनमध्ये लपून राहिले, ही खरी आपत्ती आहे, कारण मुलीच्या चारित्र्याबरोबर तिच्या घराचीही पत ठरत असे आणि अशा घरातली सून करून घ्यायला कोणी धजत नसे. शेवटी एलिझाबेथवर प्रेम करणारा श्रीमंत डार्सी विकमचे 1000 पौंडांहून अधिक कर्ज फेडतो, आणखी 1000 पौंड लिडियाच्या नावे लावतो, सैन्यातली अधिकाऱ्याची जागाही विकत घेऊन देतो, आणि मगच लग्न लागते. कॉलिन्स कर्तव्य म्हणून करतो त्या मागणीत आणि विकमच्या या सौद्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

प्रश्न : लेखिकेने स्वतः लग्न केले नाही. तिला कधी मागणी आली होती का?

उत्तर : होय. डिसेंबर 1802 मध्ये मॅनिडाउनच्या इस्टेटीचा वारस हॅरिस बिग-विदर याने तिला मागणी घातली. तो एकवीस वर्षांचा होता, आणि तिला सत्ताविसावे वर्ष पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते, म्हणजे ती शार्लटच्याच वयाची होती. संध्याकाळी तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. 1805 मध्ये वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या आधाराने राहिल्या, आणि 1809 पासून चॉटनला एका भावाच्या मालकीच्या घरात. तिथे राहत असतानाच 1813 मध्ये तिची ही कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रकाशकाने सर्व हक्कांसाठी तिला 110 पौंड दिले. 150 मिळाले असते तर बरे झाले असते, असे तिने पत्रात लिहून ठेवले आहे.