तेल संपणार म्हणून ट्रॅक्टर थांबवू का? – माझं उत्तर

तुमचा प्रश्न असा की, तेल तीस-चाळीस वर्षांत संपणार म्हणतात, मग आत्ता डिझेल ट्रॅक्टरचं कर्ज अंगावर कशाला घ्यायचं? २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं तेव्हा मीही हेच म्हणालो आणि ठरलेला ट्रॅक्टर रद्द केला. डिसेंबरात भाव चाळीसच्याही खाली! पुढच्या तीन सुग्या भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात हेलपाटे घातले.

ते तीस-चाळीस वर्षांचे आकडे म्हणजे साठा भागिले वर्षाचा खप. विहीर अशी एका दिवशी कोरडी पडते का? आधी धार बारीक होते. हबर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकानं १९५६ मध्येच सांगितलं होतं की तिथलं उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरेल. तसंच झालं. मग शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेलं तेल काढायला लागले आणि आज अमेरिका १९७० पेक्षाही जास्त काढते. पण शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त आटते, म्हणून सतत नवी पाडत राहायची. आपल्याकडच्या बोअरसारखंच की ओ!

खरी मेख वेगळीच आहे. निपाणीकडं आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे. चांगल्या हंगामात घाण्यात रस काढून उरलेलं उसाचं चिपाड वाळवून चुलवाणात घातलं की रसाची काहील त्यावरच उकळते, वर थोडं उरतंही. अवकाळी पावसात चिपाड भिजलं की जाळ घालणाऱ्या जळव्याची तारांबळ. सरपण विकत आणायचं, गूळ निघतो, पण पदरात काय पडतं ते गुळव्यालाच विचारा. तेलाचंही तेच. जुन्या सौदी विहिरींचं तेल म्हणजे वाळलं चिपाड. कॅनडात वाळूतलं डांबर पातळ करायला नैसर्गिक वायू जाळून वाफ सोडतात, ते भिजलं चिपाड. जमिनीत किती आहे यापेक्षा काढायला किती जाळावं लागतं, ते बघा.

आपल्याकडं साखर कारखान्यांनी उसापासून इथेनॉल, म्हणजे इंधनात मिसळायचं अल्कोहोल, काढायला डिस्टिलरी घातल्यापासून चिकोडी-अथणीकडं एक समज झालाय, 'आता आपण तेलच पिकवतोय.' पण इथेनॉल मिसळतात पेट्रोलमध्ये, आणि लिटरमागं त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला डिझेलच लागतं. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळं तिकडं गडबड झाली की इकडं खिशाला चाट.

तेव्हा पुढच्या दहा-बारा वर्षांत डिझेल मिळेल की नाही याची काळजी करू नका, भावाची करा. तुमच्या चार एकराला पन्नास एचपीचा कशाला? लहान घ्या, किंवा भावकीत दोघं मिळून घ्या. आणि हप्ता बसवताना डिझेल आजच्या दरानं नाही, दीडपट धरून हिशेब करा. जमत नसेल तर भाड्याचाच बरा. फक्त पेरणीच्या आठवड्यात तो फोन उचलत नाही, हे मी भोगलंय.