आधी कोरा सिग्नल ऐक

प्रिय मित्रा,

इलेक्ट्रिक गिटार अॅम्प सिम्युलेटरमध्ये, म्हणजे अॅम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वाजवताना भारदस्त वाटणारा आवाज रेकॉर्ड करून ऐकला की चिरका आणि खरखरीत का होतो, आणि आता नवा प्लगइन घ्यावा का, असं तू ट्रॅक पाठवून विचारलं आहेस. ताल मागे पडतो अशीही तुझी तक्रार आहे. प्लगइन घेऊ नकोस. ट्रॅकवरचं सगळं बंद कर आणि नुसता डीआय, म्हणजे गिटारमधून इंटरफेसमध्ये (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) थेट आलेला कोरा सिग्नल हेडफोनवर ऐक. नव्वद टक्के उत्तरं तिथेच मिळतील.

डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नल मुद्दाम फाडून आणलेली खरखर, मोठ्या आवाजाला दाबतं आणि बारीक आवाजाला वर खेचतं. त्यामुळे शेजारच्या तारेची गुणगुण, बोट सरकल्याची कुरकुर, वायरिंगची घरघर हे सगळं सुराच्या बरोबरीला येऊन बसतं. कोऱ्या सिग्नलमध्ये जे जेमतेम ऐकू येतं, ते गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, वाढवल्यावर ढळढळीत समोर उभं राहतं.

सुरुवात इंटरफेसपासून कर. इनपुटवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' असं बटण असतं, ते चालू हवं. साध्या पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी कॉइलला, समोर साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट बहुधा १० किलोओहमच्या आसपास असतो. तिथे केबल खुपसली की पिकअपवर भार येतो, वरची फ्रिक्वेन्सी गळते आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. मग आपण इक्वलायझरने ट्रेबल वाढवत बसतो आणि त्याबरोबर नुसती खरखर वाढते.

लेव्हल लावताना तुझ्या गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजव, हळुवार नको. शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू देत. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असशील तर मीटर शून्यापर्यंत नेण्याची काहीच गरज नाही. एकदा इनपुटला क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन छाटला गेलेला पिकचा घाव नंतर कशानेही परत येत नाही. नॉबची जागा पेन्सिलने खूण करून ठेव, कारण इनपुट हलला की सिम्युलेटरमधला गेनही बदलतो आणि कालचा टोन आज सापडत नाही.

आता घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा गुंजारव हा नेहमीचा पाहुणा. तारांवर हात ठेवल्यावर तो कमी होत असेल तर गिटारचं वायरिंग बहुतेक ठीक आहे. ब्रिज, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या असतात तो भाग, ग्राउंडला जोडलेला असतो म्हणून तसं होतं. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅक आणि ग्राउंडची तार तपासून घे. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐक. नंतर खोलीतला जुन्या चोकचा ट्यूबलाइट आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून ऐक. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप असेल तर खुर्ची हळूहळू फिरव. एका दिशेला गुंजारव ठळकपणे उतरतो, तिथेच बसून वाजव. स्ट्रॅटोकास्टर गिटारचा मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घरघर जवळजवळ जाते. हीच युक्ती सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप, तयार करताना वापरली. घरघर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नकोस, ती जिवाशी खेळण्याची गोष्ट आहे. उरलेल्या आवाजासाठी नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) अॅम्पच्या आधी लाव, आणि लांब धरलेला सूर मध्येच तुटणार नाही इतपतच.

खरं काम हातांचं आहे, आणि तुझ्या ट्रॅकमधला सगळ्यात मोठा दोषही तिथेच आहे. पाम म्यूटला, म्हणजे तारा तळहाताने दाबून वाजवताना, तळहाताची कड, करंगळीच्या बाजूची, तारा ब्रिजवरच्या सॅडलवरून सुटतात अगदी तिथे टेकवायची. एक सेंटिमीटर जरी नेकच्या बाजूला सरकली तर सूर मरतो आणि नुसता धप्प आवाज उरतो. तुझा तळहात सहाव्या तारेवर बरोबर आहे, पण पाचवीवर जाताना उचलला जातो, म्हणून सहावी मोकळी सुटून घुमत राहते. डाव्या हाताचं पहिलं बोट पाचव्या तारेवर असेल तेव्हा त्याचं टोक सहावीला नुसतं शिवलेलं हवं आणि त्याचा पोटाकडचा भाग खालच्या बारीक तारांवर हलकेच आडवा. तिसऱ्या तारेचं बेंड, म्हणजे सूर चढवण्यासाठी तार, वर ढकलताना चौथी तार बोटाखाली येते आणि बेंड सोडताना ती वाजते. तिला पहिल्या बोटाच्या टोकाने किंवा उजव्या तळहाताने आधीच दाबून ठेव. हे सगळं कोऱ्या आवाजावर, मेट्रोनोम ६० वर ठेवून कर. डिस्टॉर्शन लावून सराव केलास तर दोष कुठला ते कळणार नाही.

तारा गरजेपेक्षा जोरात दाबू नकोस. उंच फ्रेट असतील तर सूर चढतो आणि कॉर्ड बेसूर होते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर चढा दिसला तर सॅडल नेकपासून मागे घे, उतरता दिसला तर पुढे आण. हे नव्या तारांवरच कर. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तारा लवकर गंजतात आणि नेकही हलते, म्हणून जूनमध्ये एकदा सेटअप तपासायला हवा. जड डिस्टॉर्शनवर पूर्ण मेजर कॉर्ड घाण वाटते, त्यात तुझी चूक नाही. समविभागी सप्तकातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि डिस्टॉर्शन त्याची थरथर वाढवून दाखवतं. पंचम जेमतेम २ सेंट उतरा, म्हणून फक्त षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड स्वच्छ वाजते.

गेन आत्ता आहे त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी कर. पातळ वाटेल, घाबरू नकोस. जाडी दुसऱ्या ट्रॅकमधून येते. तोच भाग पुन्हा वाजव आणि एक टेक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेव. कॉपी-पेस्ट केलंस तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. कॉपी १५ मिलिसेकंदांनी सरकवलीस तर हेडफोनवर छान वाटेल, पण फोनच्या एका स्पीकरवर दोन्ही एकमेकांना खातील.

चिरकेपणाचं अजून एक कारण तपास. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपकन उतरतो. कॅबिनेटचा आयआर, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारी फाइल, बंद राहिला तर तो उतार मिळत नाही आणि माशी घोंघावल्यासारखा आवाज येतो. साखळीत आयआर एकच हवा, दोन झाले की सगळं दबतं. त्यानंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, बेसला जागा मिळेल.

ताल मागे पडतो ही तक्रार बफरची, म्हणजे संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे देतो त्या उशिराची असू शकते. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका बाजूने सुमारे २.७ मिलिसेकंद, येऊन-जाऊन त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. तीन मीटरवरच्या अॅम्पचा आवाज कानापर्यंत यायला ९ लागतात, तेव्हा एवढ्याने हात अडखळत नाही. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारा) निवड आणि डायरेक्ट मॉनिटर बंद ठेव, नाहीतर कोरा आणि सिम्युलेटरचा असे दोन आवाज मागेपुढे ऐकू येतील.

पुढच्या वेळी मिक्स पाठवू नकोस. त्याच रिफचे दोन डीआय पाठव, तीस-तीस सेकंदांचे, क्लिकसकट, एकही प्लगइन न लावता. सहावीवरून पाचवीवर जाताना तळहात टेकलेला राहतो का, ते मी आधी ऐकेन.