प्रश्न तुमचे : नाटकासाठी नवा कॅमेरा घ्यायचाय, आर७ की आर८?

प्रश्न : दादा, नमस्कार. मी इंदूरला सुदामानगरात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यामुळे आता छंदाला वेळ मिळतो. बरीच वर्षं कॅननचा ८०डी वापरते आहे. सोबत ईएफ-एस १८-१३५, ईएफ-एस ५५-२५० आणि ईएफ ५० एफ/१.८ अशा तीन लेन्स. इथे होणाऱ्या मराठी नाटकांचे फोटो आयोजकांची परवानगी घेऊन काढते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, चुकवत नाही. हल्ली रविवारी सकाळी सिरपूर तलावावर पक्ष्यांसाठीही जाऊ लागले आहे. नाटकात मात्र तीन अडचणी येतात. आयएसओ ६४०० वर चेहऱ्यावर दाणे दिसतात, फोकस डोळ्यांऐवजी शेल्यावर नाहीतर फेट्यावर बसतो, आणि शटर वाजलं की पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात. कॅननचाच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचं ठरवलंय, पण आर७ आणि आर८ मध्ये अडकले आहे. पैसे एका बॉडीपुरते आणि फार तर एका लेन्सपुरते आहेत. मुलगा म्हणतो फुलफ्रेमच घे. पक्षीवाली मंडळी म्हणतात आर७ सोडून दुसरीकडे बघूच नका. ८०डी विकला तर थोडा हातभार लागेल. काय करू?
– एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या तिन्ही तक्रारी नाटकाच्या आहेत. सिरपूरच्या पक्ष्यांबद्दल तुम्ही एका शब्दानेही कुरकुर केलेली नाही. तेव्हा मत आधी सांगून टाकतो, कारणं मागून : आर८ घ्या, आणि ८०डी मुळीच विकू नका.

आर८ चा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा; यालाच फुलफ्रेम म्हणतात. आर७ चा साधारण २२ बाय १५ चा, जवळजवळ तुमच्या ८०डी एवढाच. क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर आर८ च्या वाट्याला अडीचपटीहून जरा जास्त प्रकाश येतो. ॲपर्चर तेच, शटरस्पीड तोच, रंगमंचही तोच. तरी ८०डी वर आयएसओ २५०० ला जेवढे दाणे दिसतात, साधारण तेवढेच आर८ वर ६४०० ला दिसतील. आर७ मध्ये हा फायदा नाही. ८०डी २०१६ चा आणि आर७ २०२२ चा, त्यामुळे थोडी सुधारणा आहेच, पण केवळ दाणे कमी व्हावेत म्हणून आर७ घेतलात तर पहिल्याच प्रयोगानंतर मन खट्टू होईल. हे काउंटरवर कोणी सांगत नाही, म्हणून मी ठासून सांगतो.

आर७ च्या बाजूने पहिला मुद्दा निघतो तो स्टॅबिलायझेशनचा. आर७ मध्ये सेन्सर स्वतः हलून हाताची थरथर सावरतो, आर८ मध्ये ती सोय नाही. रात्री राजवाड्याचा दर्शनी भाग काढायचा असेल, लालबागच्या महालाच्या आतलं नक्षीकाम काढायचं असेल, तर ती फार मोलाची. पण नट काही स्तब्ध उभा राहत नाही. बोलताना मान वळते, हात उठतो, डोळे मिटतात. त्याला पकडायला १/१६० किंवा १/२०० चा स्पीड लागतोच, आणि तेवढ्या स्पीडला ५० किंवा ८५ च्या लेन्सवर तुमच्या हाताची थरथर तशीही दिसणार नाही. तुमच्या कामात या सोयीचा उपयोग थोडा आहे, दाणे कमी होण्याचा जास्त.

आता लेन्स. खरा पेच इथे आहे आणि तुमचा मुलगा तो विसरतोय. कॅननचा साधा ईएफ-ईओएस आर ॲडॉप्टर लावला की तुमच्या तिन्ही लेन्स दोन्ही बॉड्यांवर बसतात, ऑटोफोकससकट. ॲडॉप्टरमध्ये काच नसते. जुन्या ईएफ माउंटमध्ये लेन्स सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर बसायची, नव्या आरएफमध्ये २० वर. मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी ती नळी आहे, आत फक्त विजेचे संपर्क. त्यामुळे फोटोची स्पष्टता कमी होईल ही भीती मनातून काढून टाका. रिंगवाला किंवा फिल्टरवाला महाग ॲडॉप्टर मिळतो, तो तुम्हाला नको.

पण १८-१३५ आणि ५५-२५० या ईएफ-एस आहेत, लहान सेन्सरसाठी बनवलेल्या. त्या आर८ ला लावल्या की कॅमेरा आपोआप मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो ९ च्या आसपास येतो. घरच्या कार्यक्रमाला चालून जाईल, पक्ष्याला नाही. म्हणजे आर८ साठी तुमच्या पेटीतली एकच लेन्स पूर्ण कामाची, ती म्हणजे ५० एफ/१.८. आणि तीही आता वेगळी दिसेल. ८०डी वर तिचा आवाका ८० मिलिमीटरसारखा होता, आर८ वर ती खरीखुरी ५० होईल.

हे रंगमंचावर काय दिसेल ते सांगतो. समजा तुम्ही नटांपासून दहा मीटरवर बसल्या आहात. आर८ वर ५० च्या लेन्समध्ये सुमारे सात मीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे घराचा सेट, खिडकी, सोफा, बहुतेक सगळं. ८५ लावलीत तर सव्वाचार मीटर, म्हणजे दोन पात्रं आणि त्यांच्यामधला ताण. तुम्ही आजवर ८०डी वर ५० लावून जो फोटो काढत आलात, तो हाच दुसरा. म्हणून तुमची एक जादा लेन्स कोणती हे माझ्या मते ठरलेलं आहे : ईएफ ८५ एफ/१.८ यूएसएम, आणि तीही सेकंडहँड. ती १९९२ पासूनची लेन्स आहे, फोकस जलद आणि जवळजवळ आवाज न करता होतो. घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्तात देत असला तरी हात जोडून परत द्या. ८५ वाली ८०डी वरही लागते आणि तिथे १३६ सारखी चालते, हा वरचा फायदा.

आता अंधारातल्या सभागृहाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात किंवा कुठेही, मागे काळा पडदा आणि एका चेहऱ्यावर स्पॉट असा प्रसंग आला की डीएसएलआरचं, म्हणजे ८०डी सारख्या आरशाच्या कॅमेऱ्याचं, मीटर फसतं. त्याला बहुतेक चौकट काळी दिसते, ते एक्स्पोजर वाढवतं आणि चेहरा पांढराफटक उडतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये हे आधी दिसत नाही, मध्यंतरात स्क्रीनवर बघितल्यावर कळतं. तोवर तो प्रवेश गेलेला असतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये येणारा फोटो बटण दाबायच्या आधीच दिसतो. गालावरचा मेकअप उडायला लागला की अंगठ्याने चक्र फिरवा आणि कपाळाचा रंग परत येईपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. माझ्या लेखी डीएसएलआर सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण हे, मेगापिक्सेल नव्हे.

फोकसचंही तसंच. माणूस ओळखून डोळ्याला धरणारा ऑटोफोकस दोन्ही कॅमेऱ्यांत आहे आणि तुमची शेल्याची तक्रार त्याने बरीचशी मिटेल. दोन पात्रं जवळजवळ उभी असली की कॅमेरा आपल्या मनाने एकाला धरतो, नेमकं बोलत नसलेल्याला. आर७ ला फोकस सरकवायला जॉयस्टिक आहे, आर८ ला नाही. आर८ वर मागच्या चार बाणांच्या बटणांना ते काम लावून घ्या आणि घरी टीव्हीसमोर बसून बोटांना सवय करा.

शटरचा आवाज पूर्ण बंद करायचा तर इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात आर८ एकापाठोपाठ फोटो सेकंदाला ४०, २० किंवा ५ या गतीने काढतो. तुम्ही ५ वरच ठेवा, नाहीतर एका स्वगतात कार्ड भरेल. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो, म्हणून एलईडीच्या लुकलुकीचे आडवे पट्टे उमटतात. निळ्या पडद्यावर ते लगेच कळतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून १/१०० वर पट्टे बहुधा जातात. डिमर लावलेल्या स्टेजच्या एलईडीवर तेवढ्याने भागेलच असं नाही. मग इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर या, म्हणजे फोटोची सुरुवात इलेक्ट्रॉनिक आणि शेवट खऱ्या पडद्याने. आवाज होतो, पण आरसा आपटत नसल्याने ८०डी च्या मानाने पुष्कळ कमी. झांक्यांच्या वेळी तर आवाजाचा प्रश्नच नाही, तिथे थेट याच शटरवर राहा. आर७ चा सेन्सर आर८ पेक्षा साधारण दुप्पट वेळ घेऊन वाचतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरवर फडफडणारा पंख वाकडा येण्याचा धोका त्यात जास्त. हेही पक्षीवाल्या मंडळींना विचारून बघा.

आणखी दोन गोष्टी, कारण त्यांचा त्रास तुम्हाला नाही, नटांना आणि शेजाऱ्यांना होतो. फोकसला मदत करणारा दिवा मेनूत जाऊन बंद करा, आणि मागचा स्क्रीन उलटा फिरवून आत मिटून टाका, सगळं व्ह्यूफाइंडरमधून करा. अंधारात उजळलेल्या स्क्रीनचा शेजारच्या प्रेक्षकाला किती त्रास होतो हे फोटो काढणाऱ्याला जाणवत नाही.

बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका. ८०डी एका चार्जवर ९६० फोटो द्यायचा, असं कंपनीचंच मोजमाप होतं. आर८ व्ह्यूफाइंडरवर, वीज वाचवायच्या सेटिंगला, २२० च्या आसपास देतो. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी तीन अंकी नाटकाला दुसरी एलपी-ई१७ पर्समध्ये हवीच. तुमच्या जुन्या एलपी-ई६एन बॅटऱ्या यात चालत नाहीत. आर७ मध्ये चाललेल्या असत्या, हा त्याचा मोठा गुण. शिवाय आर७ ला दोन कार्डं बसतात, आर८ ला एकच. तुम्ही पैसे घेऊन लग्नं काढत असतात तर नुसत्या या एका कारणाने मी आर७ सांगितला असता.

आता सिरपूर. तिथे ८०डी आणि ५५-२५० आजही तेवढेच चांगले आहेत जेवढे गेल्या हिवाळ्यात होते. २५० चा आवाका त्यावर ४०० सारखा होतो आणि उडत्या बगळ्याला आरशाच्या व्ह्यूफाइंडरमधून धरणं आजही सोपं आहे. पुढे पक्ष्यांचं वेड वाढलंच तर आरएफ १००-४०० आणि त्याला आर७ हा विचार तेव्हा करा. एकाच लेन्सने दूरचा पक्षी काढून कापून घेतला, तर आर८ च्या ९ मेगापिक्सेलच्या जागी आर७ वर साडेबत्तीस मिळतात, हा फरक खराच मोठा आहे. तुमची मित्रमंडळी चुकीचं सांगत नाहीत; ती त्यांच्या छंदाचं उत्तर तुम्हाला देताहेत. ८०डी विकून मिळणाऱ्या रकमेत दुसरा पक्ष्यांचा कॅमेरा येणार नाही, म्हणून तो राहू द्या.

गेरलाही ८०डीच न्या, १८-१३५ लावून, प्लॅस्टिकच्या कव्हरात. टँकरमधून येणारं रंगाचं पाणी आणि हवेतला गुलाल, दोन्ही ॲडॉप्टरच्या सांध्याला चांगले नाहीत. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सरच्या पुढे आरसा नसतो, म्हणून नव्या कॅमेऱ्याची लेन्स रस्त्यात बदलू नका. घरातही बदलताना बंद करून तोंड खाली धरा.

दुकानातून घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी यांवर अडून राहा. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल परदेशातून आलेला असतो आणि इथल्या सर्व्हिसला तो वॉरंटीत दाखवता येत नाही. शक्य झालं तर आपली ५० ची लेन्स आणि कार्ड घेऊन जा, दुकानदाराकडून ॲडॉप्टर मागून घ्या, दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्ही बॉड्यांवर ६४०० ला विक्रेत्याच्या चेहऱ्याचे फोटो काढा आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर शेजारी ठेवून बघा. माझं मत तेव्हाही हेच राहील, पण तुमचं तुम्हाला दिसलेलं बरं.

प्रश्न : निकॉन डी७२०० वरून मिररलेसवर जायचंय. झेड५० II आणि झेड५ II मनात आहेत. माझी आवडती लेन्स वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यावरची ५० एफ/१.८डी. ती एफटीझेड, म्हणजे जुन्या निकॉन लेन्स नव्या झेड बॉडीवर बसवणाऱ्या ॲडॉप्टरवर चालेल ना?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : बसेल, ॲपर्चरही चालेल, पण ऑटोफोकस मिळणार नाही, दोन्ही कॅमेऱ्यांवर. त्या लेन्समध्ये मोटर नाही; डी७२०० ची बॉडी स्क्रूने तिचा फोकस फिरवते, आणि एफटीझेडमध्ये, एफटीझेड II मध्येही, ती मोटर नाही. हाताने फोकस करायची तयारी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून बघता येतं, कडा रंगवून दाखवणारं पीकिंगही आहे, आणि वडिलांची लेन्स तशी वापरण्यात आनंद आहे. तेवढ्यासाठी झेड५ II बरा : फुलफ्रेम असल्याने ती लेन्स फिल्मवर जेवढं दाखवायची तेवढंच दाखवेल, आणि सेन्सरचं स्टॅबिलायझेशन आहे, जे झेड५० II मध्ये नाही. मुलं धावताहेत आणि फोकस आपोआप हवा, असं काम असेल तर कोणतीही बॉडी घेण्याआधी एका झेड माउंटच्या ५० साठी पैसे बाजूला काढून ठेवा.